सायन्स कॉलेजांच्या ग्रंथपाल संघटनेची मेंबरशिप घ्यावी का? माझा चार वर्षांचा अनुभव

गेल्या महिनाभरात तिघाचौघांचे फोन आले, मॅडम तुम्ही त्या सायन्सवाल्या ग्रंथपालांच्या संघटनेत आहात ना, मेंबरशिप घ्यावी का, का नुसती पावती फाडायची. प्रत्येकाला फोनवर तेच सांगायचं आणि मधेच रेंज जायची, त्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजची लायब्ररी सांभाळते, बीएस्सीचे सगळे विषय, दोन विषयांना एमएस्सी, आणि लायब्ररीत स्टाफ म्हणाल तर मी आणि आमचे अटेंडंट नाना, बस. संघटना आपल्या तीन जिल्ह्यांची, जळगाव धुळे नंदुरबार, म्हणजे जेवढा आपल्या विद्यापीठाचा एरिया तेवढाच हिचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि त्या मी सभेत उभं राहून बोललेय, जाहीर नाव घेऊन कोणाला खाली पाहायला लावायचं नाहीये. आपल्या भागातले ग्रंथपाल असाल तर कोणती संघटना ते तुम्हाला कळेलच.

आधीच सांगते, मला पाचपैकी चार द्यावेसे वाटतात. वर्गणी वर्षाला ५०० रुपये आहे आणि ती माझ्या मते पहिल्या दोन महिन्यातच वसूल होते, पण कशी होते ते समजून घ्या, कारण बरेच जण सर्टिफिकेटसाठी मेंबर होतात आणि मग म्हणतात काय मिळालं.

माझं उदाहरण सांगते. दोन वर्षांपूर्वी पोळा होऊन दोनचार दिवस झाले असतील, टीवायची बॉटनीची एक मुलगी काउंटरवर आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत केळीचं पान, आणि मागे तिचे वडील. पानावर पिवळे-हिरवे पट्टे पडलेले, कडा वळलेल्या, आणि पोंग्याजवळचा तुकडा तर काळा पडून सडलेला. तिचा प्रोजेक्टचा विषयच हरण्या रोग होता, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आपल्याकडे रावेर-यावल-चोपड्यात ज्याला त्याला माहीत असलेला. वडील मला म्हणाले, "ताई, ह्या पानले काय व्हयनं ते पुस्तकमा सापडी का?" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि कपाटाकडे गेले. ६३४.७७२ हा पुस्तकांच्या वर्गीकरणातला केळीचा नंबर, आमच्या लायब्ररीत तो मला न बघता सापडतो, पण तिथे पुस्तकं किती तर लागवडीवरची मराठी चार आणि इंग्रजी एक, आणि ते इंग्रजी पुस्तक माझ्या नोकरीच्या आधीचं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालं, गाड्या भरभरून माल बाहेर जातो आणि आमच्या कपाटात केळीवर पाच पुस्तकं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एन-लिस्टवर थोडं मिळालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एन-लिस्ट म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची २०१० पासूनची योजना, आपल्यासारख्या कॉलेजांना त्यातून सहा हजारांवर ई-जर्नल, म्हणजे संशोधनाची ऑनलाइन नियतकालिकं, उघडतात. पण तिला जो लेख हवा होता तो इंडियन फायटोपॅथॉलॉजी या वनस्पतिरोगांच्या जर्नलच्या जुन्या अंकातला, आणि तो काही निघेना. मी साडेअकराला संघटनेच्या ग्रुपवर टाकलं, लेखकाचं नाव, वर्ष, खंड, पान नंबर. धुळ्याकडच्या एका सरांचा दहा मिनिटात मेसेज, "मॅडम आमच्याकडे बाउंड व्हॉल्यूम आहेत, वर माळ्यावर आहेत, बघतो." आणि पाऊण वाजता सहा पानं आली. मोबाईलवर काढलेली, चौथ्या पानाच्या कोपऱ्यात सरांचा अंगठा, पानावर वाळवीने खाल्लेली बारीक नागमोडी रेघ, पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. मुलीने तिथेच बसून वाचायला घेतलं आणि वडिलांना मराठीत सांगत होती की हा व्हायरस मावा किडीमार्फत पसरतो आणि काकडी, भोपळा, टमाटे, मिरची यांच्यावरपण तो राहतो. वडिलांनी त्या वर्षी केळीत काकडी घेतली होती. ते काही बोलले नाहीत, फक्त पान पिशवीतून काढून परत एकदा बघितलं.

औषधाने रोगट खोड बरं होत नाही, ते उपटून बाहेर नेऊन नष्ट करायचं, हे त्यांना शेतीखात्याचे लोकपण सांगत होते. पण मुलीने छापलेलं वाचून दाखवल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी काकडी काढली. आता हे ५०० रुपयात मिळालं असं मी म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण त्या माळ्यावर चढणारे सर मला संघटनेमुळेच माहीत होते, नाहीतर धुळ्यातल्या कुठल्या कॉलेजात कोणती जर्नल बांधून ठेवलीत हे मला कसं कळणार.

ग्रुपवर असे लेख मागायचे नियम कडक आहेत आणि ते मला पटतात. एका वाचकाला त्याच्या स्वतःच्या अभ्यासासाठी एक लेख, बस, अख्खं पुस्तक स्कॅन करून कोणी मागायचं नाही आणि कोणी टाकायचं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातल्या कलम ५२ मध्ये खाजगी अभ्यास आणि संशोधनासाठी रास्त वापराची सूट आहे, तिच्यात राहूनच काम चालतं. मधे एकाने चोरट्या साईटच्या लिंक टाकायला सुरुवात केली तर अध्यक्षांनी त्याच दिवशी फोन करून थांबवलं. काही जणांना राग आला, पण ग्रंथपालांच्या ग्रुपमध्ये हे चालू दिलं असतं तर उद्या कुठल्या तोंडाने विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्यावर लेक्चर देणार आपण.

काही जण म्हणतात की आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे देशभरासाठी एकत्र जर्नल घ्यायची सरकारी योजना, आलीय, मग कशाला असल्या ग्रुपची गरज. बघा, ती योजना चांगलीच आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली, तीन वर्षांना ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, जवळजवळ १३ हजार जर्नल. पण ती सुरू झाली ती सरकारी संस्थांसाठी, आणि आमचं कॉलेज त्या यादीत नाही. आमच्यासारखी खाजगी शिक्षणसंस्थेची कॉलेजं आपल्या तीन जिल्ह्यात ढीगभर आहेत. आणि समजा उद्या सगळ्यांना मिळालं तरी १९७० च्या आसपासचे आपल्याकडच्या छोट्या सोसायट्यांचे अंक त्यात असतीलच असं नाही, ते कोणाच्या तरी माळ्यावरच असतात.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी म्हणेन की सायन्सच्या प्राध्यापकांनीपण या संघटनेला धरून राहावं, ती म्हणजे बोगस जर्नलची तपासणी. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं आणि चांगलं जर्नल कुठलं हे ठरवायची जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर आली. म्हणजे प्रत्यक्षात कोणावर आली तर लायब्ररीत येऊन "मॅडम हे जर्नल चालेल का" विचारणाऱ्यावर आणि त्याला उत्तर देणाऱ्या मॅडमवर. आमच्या फिजिक्सच्या एका सरांना मेल आला, ४८ तासात पेपर स्वीकारू, फी साडेतीन हजार, वर इम्पॅक्ट फॅक्टर ७ पॉइंट काहीतरी लिहिलेलं. सर पैसे भरायच्या तयारीत होते कारण प्लेसमेंटची, म्हणजे बढतीची, फाईल द्यायची होती. मी ग्रुपवर टाकलं. संघटनेत पाच जणांची एक टीम आहे, ते आळीपाळीने बघतात, आणि अर्ध्या तासात अमळनेरच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी मला नुसतं "बोगस आहे" असं नाही सांगितलं, फोन चालू ठेवून एकेक पायरी माझ्याकडून करून घेतली.

आधी त्या जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी नंबर, आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकायला लावला, तर तिथे त्या नंबरावर भलत्याच नावाचं जर्नल निघालं. म्हणजे दुसऱ्याचा नंबर चोरून लावलेला. मग त्या म्हणाल्या की नंबर खरा असता तरी त्यावर जाऊ नका, आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही, आपल्या देशात तो दिल्लीच्या निस्पर संस्थेतून मिळतो आणि कोणीही नियतकालिक काढणारा अर्ज करू शकतो. मग मागच्या अंकातल्या तीन लेखांचे डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर, टाकून बघितले, एकही उघडला नाही. मग संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांचं नाव त्यांच्या विद्यापीठाच्या साईटवर शोधलं, तिथे त्यांचा विषय इतिहास, आणि जर्नल मटेरियल सायन्सचं. इम्पॅक्ट फॅक्टरचं म्हणाल तर खरा तो क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्टमधूनच येतो, बाकी आकडे विकत देणाऱ्या कंपन्याच आहेत. सरांनी पैसे भरले नाहीत. नंतर तो पेपर त्यांनी नीट सुधारून दुसरीकडे पाठवला, आठ महिने लागले, पण छापून आला आणि आता त्याला कोणी बोट लावू शकत नाही.

मला या कामाचा अभिमान वाटतो, आणि याचं एक कारण असंही की असल्या जर्नलांना 'प्रिडेटरी', म्हणजे शिकारी, हे नाव देणारा जेफ्री बील हा स्वतः ग्रंथपालच होता, अमेरिकेत कोलोरॅडोत. त्याची यादी २०१७ च्या जानेवारीत बंद झाली पण शब्द राहिला. प्राध्यापकांच्या मीटिंगमध्ये आपल्याला शेवटची खुर्ची देतात ना, तिथे हे सांगत जा.

तिसरी गोष्ट कोहाची कार्यशाळा. ही दिवाळीच्या सुट्टीत जळगावला झाली होती, तीन दिवस, प्रत्येकाने आपला लॅपटॉप आणि आपल्या लायब्ररीचा डेटा आणायचा. कोहा हे लायब्ररीच्या कामाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका छोट्या लायब्ररीसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे चालू झालं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्याकडे आधी एक जुनं सॉफ्टवेअर होतं, ज्याने दिलं तो व्हेंडर दोन वर्षांनी फोन उचलेना, आणि त्यातल्या मराठी पुस्तकांची नावं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेली. नवीन कम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हं, कंस, टक्के, डॉलर. साडेतीन हजार मराठी पुस्तकं आणि एकाचंही नाव वाचता येत नाही, मला रडू यायचं बाकी होतं. कार्यशाळेत शहाद्याच्या एका तरुण सरांनी माझ्या शेजारी बसून फाईल एक्सेलमध्ये काढली, कन्व्हर्टरने युनिकोड केली, जोडाक्षरं जिथे फुटली होती तिथे शोधा-बदला करत बसले. 'प्र' सगळीकडे तुटलेला होता, 'प्राणीशास्त्र' 'प्रयोग' 'प्रकाश' सगळं वेडंवाकडं, ते एका फटक्यात सरळ झालं तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग मार्क २१ या पुस्तकांच्या नोंदीच्या ठरलेल्या साच्यात बसवून कोहात चढवली. संध्याकाळी सगळ्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी होती, पण मी जेवण सोडून सर्च बॉक्समध्ये मराठी नावं टाकून बघत होते.

आता तक्रारी, त्यापण मनापासून लिहिते.

सगळ्यात मोठी तक्रार वार्षिक कार्यक्रमाची. १२ ऑगस्टला, आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, तो असतो. मागच्या वेळी दहाची वेळ दिली आणि सुरू झाला सव्वाबाराला, कारण पाहुणे आले नव्हते. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, एकवीस जणांचे सत्कार, आणि ज्या विषयासाठी आम्ही आलो तो ओपन अ‍ॅक्सेसचा, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या संशोधनाचा विषय, त्या वक्त्या मॅडमना वीस मिनिटं दिली. मी सकाळची साडेसहाची एसटी धरून विदगावच्या पुलावरून जळगावला आले होते, अक्कलकुव्याचे सर तर आदल्या दिवशी निघालेले. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ मध्ये त्यांनी जे पाच नियम मांडले त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्याच जयंतीला दीडशे ग्रंथपालांची सकाळ वाया घालवायची हे मला सहन होत नाही. मी सभेत बोलले, दोन ज्येष्ठ मंडळी नाराज झाली, पण नंतर चहाच्या वेळी चारपाच जणींनी येऊन हात धरला, ताई बरं झालं बोलल्या.

दुसरी तक्रार, पावती. वर्गणी ऑनलाइन भरली तर पावती महिना महिना येत नाही, आणि कॉलेजच्या ऑफिसला ती लागते, नाहीतर रक्कम मिळत नाही. खजिनदार एकटे आहेत, त्यांचं स्वतःचं कॉलेज आहे, हे मान्य, पण मग कोणीतरी सोबतीला द्या.

तिसरी जरा नाजूक आहे. संघटनेत बोलणारे, पदाधिकारी, सगळे मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजांचे. आणि परमनंट असलेले. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांमध्ये ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे भरलेली नाही, तासिका किंवा कंत्राटी पोरं-पोरी तुटपुंज्या पैशांवर अख्खी लायब्ररी चालवतात, नॅकच्या तपासणीच्या वेळी रात्री दहापर्यंत बसतात. त्यांना मतदानाचा हक्क नाही, सहयोगी सदस्य म्हणून घेतात. ज्या तरुण सरांनी माझा 'प्र' दुरुस्त केला ते कंत्राटी आहेत. त्यांना मत नाही आणि मला आहे, हे बरोबर नाही. एक तारा कमी केला तो यासाठीच.

मोठ्या संघटनांशी तुलना कोणी विचारली म्हणून लिहिते. इंडियन लायब्ररी असोसिएशन १९३३ पासून आहे, विशेष ग्रंथालयांची आयस्लिक ही १९५५ पासून कोलकात्याला आहे, मुंबईत सायन्सच्या ग्रंथपालांची बोसला आहे, अमेरिकेत तर जॉन कॉटन डेनाने १९०९ मध्येच विशेष ग्रंथालयांची संघटना काढली होती. या सगळ्यांचं काम मोठंच आहे, जमेल त्याने तिथलंही मेंबर व्हावं, मीपण एकीची आहे. पण केळीच्या पानावरचा लेख पाऊण वाजता हवा असेल तर ज्याला चोपडा कुठे आहे आणि हरण्या काय आहे हे सांगावं लागत नाही असा माणूस लागतो.

आता पुढच्या वर्षाचे प्लॅन, जे सर्वसाधारण सभेत मांडले गेले. सगळे सांगत नाही, मला जे महत्त्वाचे वाटले तेवढे.

पहिला म्हणजे संयुक्त सूची. तिन्ही जिल्ह्यातल्या सायन्स कॉलेजांकडे जुन्या छापील जर्नलचे बांधीव खंड कोणते, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, मधे कोणते गायब, याची एकच यादी. कल्पना नवी नाही, दिल्लीला १९५२ मध्ये इन्सडॉक हे विज्ञानविषयक माहितीचं केंद्र सुरू झालं आणि त्यांनी देशभरातल्या विज्ञान नियतकालिकांची संयुक्त सूची केली होती, पण तालुक्याच्या कॉलेजच्या माळ्यावर काय आहे ते कुठे लिहिलेलं नाही. आणि घाई आहे हो याची. नवीन बिल्डिंग झाली, जागा नाही, प्राचार्य म्हणाले ही रद्दी काढा, की गेले खंड. एका कॉलेजात (नाव नको) सत्तर-ऐंशीच्या दशकातली केमिस्ट्रीची जर्नल किलोवर गेली, ग्रंथपाल रजेवर असताना. त्यामुळे ही यादी मार्चच्या आत व्हायला पाहिजे असं मी सभेत म्हटलं आणि ठरावात तसं आलंय. माझ्या मते संघटनेने पुढच्या वर्षी एवढं एकच काम धड केलं तरी वर्गणी दुप्पट करा, मी भरेन.

दुसरा, एमएस्सीच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा संग्रह. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात जातात, तिथे आपल्या विद्यापीठाचे पण आहेत, पण एमएस्सीची पोरं जे काम करतात ते कपाटात पडून राहतं. तापीच्या पाण्याची तपासणी, सातपुड्यातल्या पाड्यांवर वापरतात त्या वनस्पती, कापसावरची गुलाबी बोंडअळी, विहिरीतलं नायट्रेट, किती तरी. पंधरा वर्षांपूर्वी एका पोराने आपल्या गावच्या विहिरींचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून ठेवलाय, आज कोणी परत मोजला तर तुलना करायला ते सोनं आहे. सुरुवातीला फक्त शीर्षक, गाईडचं नाव, वर्ष आणि सारांश टाकायचे असं ठरलंय, पूर्ण रिपोर्ट विद्यार्थ्याची परवानगी घेऊन. मला ही पद्धत योग्य वाटते. मी फक्त एवढं सुचवलं की सारांश मराठीतपण असावा, कारण ज्याच्या विहिरीचं पाणी आहे त्यालाही वाचता आलं पाहिजे.

तिसरा, तालुका भेटी. म्हणजे जळगावला सगळ्यांना बोलावण्याऐवजी टीमनेच जायचं, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शोध कसा घ्यायचा ते शिकवायचं. रेझोनन्स आणि करंट सायन्ससारखी आपल्याच देशातली जर्नल फुकट वाचायला मिळतात हे बीएस्सीच्या पोरांना कोणी सांगतच नाही. धडगावला नेट जातं-येतं, म्हणून पेनड्राईव्हमध्ये फुकट उपलब्ध असलेलं साहित्य भरून न्यायचं, हे मला फार आवडलं, म्हणजे कोणीतरी तिथे खरंच जाऊन आलेलं आहे. एन-लिस्टचे युजर आयडीपण त्याच दिवशी तिथे बसून तयार करून द्यायचे, कारण कितीतरी कॉलेजं फी भरतात आणि आयडी दहा-बाराच काढलेले असतात.

आणखी एक आदर्श ग्रंथपाल पुरस्काराची योजना आहे, तिच्याबद्दल मला काही लिहायचं नाही, माझं मत मी विरोधात दिलंय. ते पैसे धडगावच्या गाडीभाड्याला द्या एवढंच म्हणणं आहे.

कंत्राटी लोकांच्या मताचा विषय घटना दुरुस्तीसाठी ठेवलाय, जानेवारीच्या सभेत येईल. नवीन मेंबर होणाऱ्यांनी डिसेंबरच्या आत वर्गणी भरली तरच तिथे मत देता येतं, तेव्हा होणार असाल तर आत्ताच व्हा आणि त्या सभेला या. फॉर्मला कॉलेजचं पत्र लागतं, पदवीची झेरॉक्स लागते, फोटो दोन. मला फोन केलात तर फॉर्म पाठवते.

मी आमच्या यादीचं काम गेल्या आठवड्यात सुरू केलं. नाना शिडीवर आणि मी खाली वही घेऊन, त्यांनी खंड फडक्याने पुसून पाठीवरचं वर्ष वाचायचं आणि मी लिहायचं. सोनेरी अक्षरं उडालेली आहेत, काही ठिकाणी आतलं पान उघडून बघावं लागतं. नाना दहावी शिकलेले, पण तिसऱ्या दिवशी तेच मला म्हणाले, "मॅडम, हाई जर्नलमा मधला एक साल नही शे." बरोबर होतं. करंट सायन्सचा १९८७ चा खंड आमच्याकडे नाही, आधीचा आहे, नंतरचा आहे, मधे रिकामी जागा. कोणाकडे त्याची जास्तीची प्रत असेल तर कळवा, आणायला मी स्वतः येते.